श्वासावर चालणारा पंप

कार्बोरेटर असलेल्या मोटारसायकलीची टाकी इंजिनाच्या वर असते. कॉक उघडला की पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते, त्याला कोणी ढकलावे लागत नाही. होडीच्या मागच्या फळीवर बसवलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. तिथे टाकी होडीच्या तळाशी ठेवलेली असते आणि कार्बोरेटर तिच्यापेक्षा हात-दीड हात उंच असतो. पेट्रोलला चढ चढायचा असतो. जुन्या आउटबोर्ड इंजिनांत हे काम काड्यापेटीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा एक पंप करतो. त्याला विजेची तार नसते, फिरणारा दांडा नसतो, पट्टाही नसतो. मग तो चालतो कशावर? आणि तो थकला तर दुरुस्त कसा करायचा? या लेखात आपण हे दोन्ही प्रश्न एकत्र घेणार आहोत, कारण पहिल्याचे उत्तर कळले की दुसऱ्याचे जवळजवळ आपोआप मिळते.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या बाहेर टांगलेले इंजिन. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा आणि दोघांना जोडणारा उभा दांडा असे हे एकसंध यंत्र. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथून अशा इंजिनांची विक्री सुरू केली आणि ती जगभर पसरली. कोकणातल्या खाड्यांत, गोव्यात आणि केरळच्या किनाऱ्यावर लहान मच्छीमार होड्यांना आजही ही इंजिने दिसतात. त्यातली बरीच जुनी, दोन धावांची म्हणजे टू-स्ट्रोक जातीची आहेत. आपण पाहणार आहोत तो पंप याच जातीचा.

सुरुवातीच्या लहान इंजिनांत टाकी इंजिनाच्याच डोक्यावर असे, त्यामुळे प्रश्नच नव्हता. इंजिने मोठी झाली, टाकी वेगळी होऊन होडीत खाली आली. तेव्हा काही कंपन्यांनी टाकीत हवेचा दाब भरून पेट्रोल वर ढकलण्याची युक्ती वापरली. तिच्यात एक धोका होता. दाबाखालच्या नळीला भोक पडले तर पेट्रोल बाहेर उडते. पुढे इंजिनावरच पंप बसवून पेट्रोल वर घेण्याची पद्धत रूढ झाली. इंजिन चालू असताना या पद्धतीत टाकीकडच्या नळीला भोक पडले तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. इंजिन बंद पडेल, पण तळात पेट्रोलचे तळे साचण्याची शक्यता कमी. हा फरक लक्षात ठेवा, दोष शोधताना तो उपयोगी पडणार आहे.

इंजिनाचा श्वास

टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या खाली, जिथे क्रँक फिरतो, तिथे एक बंद कोठी असते. तिला क्रँककेस म्हणतात. दट्ट्या वर गेला की कोठीतली जागा वाढते आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. दट्ट्या खाली आला की जागा आक्रसते आणि दाब वाढतो. दर फेऱ्याला एकदा कमी, एकदा जास्त. आपली छाती श्वास घेताना फुगते आणि सोडताना आक्रसते, तसेच हे आहे. या श्वासाचे मुख्य काम हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेऊन सिलिंडरमध्ये ढकलण्याचे. पंप बनवणाऱ्यांनी त्याच श्वासाचा अगदी थोडा हिस्सा एका बारीक छिद्रातून बाहेर काढला आणि पंपाला दिला.

पंपाच्या आत एक लवचीक पडदा असतो. कारागीर त्याला डायफ्रॅम म्हणतात. पडद्याच्या एका बाजूला क्रँककेसमधून येणारी हवा, दुसऱ्या बाजूला पेट्रोलची छोटी कोठी. या कोठीला दोन दारे असतात आणि दोन्ही एकाच दिशेने उघडतात. एक टाकीकडून आत येण्यासाठी, दुसरे कार्बोरेटरकडे बाहेर जाण्यासाठी.

क्रँककेसमधला दाब कमी झाला की पडदा हवेच्या बाजूला झुकतो, पेट्रोलची कोठी मोठी होते, आतले दार उघडते आणि पेट्रोल येते. दाब वाढला की पडदा उलटा झुकतो, आतले दार मिटते, बाहेरचे उघडते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. हृदयाच्या झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत, तसेच या दोन दारांचे. दारे नसतील तर पडदा कितीही हलला तरी पेट्रोल जागच्या जागी पुढे-मागे होत राहील.

कार्बोरेटरची वाटी भरली की तिथली सुई पेट्रोलची वाट बंद करते. मग कोठीतल्या पेट्रोलला जायला जागा उरत नाही आणि पडदा फारसा हलतच नाही. वाटी रिकामी होऊ लागली की तो पुन्हा कामाला लागतो. गरजेइतकेच पेट्रोल देण्याची सोय रचनेतच आहे.

थेंबाचा हिशेब

हा हिशेब वर्गात फळ्यावर करता येईल. समजा एक मध्यम आकाराचे इंजिन पूर्ण वेगात तासाला १२ लिटर पेट्रोल पिते आणि मिनिटाला ५,००० फेरे घेते. बारा लिटर तासाला म्हणजे मिनिटाला २०० मिलिलिटर. त्याला ५,००० ने भागले तर फेऱ्याला ०.०४ मिलिलिटर येते. पाण्याचा एक साधा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे पडद्याला एका वेळी थेंबाहूनही कमी पेट्रोल ढकलायचे असते, पण सेकंदाला सुमारे ८३ वेळा. काम इतके बारीक असल्यामुळे दाराखाली अडकलेला मिठाचा एक कण किंवा पडद्यावरची एक सुरकुतीही हिशेब बिघडवू शकते.

पेट्रोलला ओढते कोण?

आपण सहज म्हणतो, पंप पेट्रोल ओढतो. खरे तर पंप फक्त जागा करून देतो, ढकलण्याचे काम टाकीतल्या पेट्रोलवर टेकलेली हवा करते. टाकीपासून पंप ६० सेंटिमीटर उंच असेल आणि पेट्रोलची घनता घनमीटरला ७४० किलोग्रॅम धरली, तर लागणारा दाब ०.६ × ७४० × ९.८ म्हणजे सुमारे ४,३५० पास्कल. हवेचा दाब जवळजवळ १,०१,३०० पास्कल आहे. शंभरातले चार-पाच भाग पुरतात.

मग अडचण कुठे? पहिली अडचण टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या स्क्रूची. तो बंद राहिला तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीतली हवा विरळ होते आणि ढकलणारा हातच दुबळा होतो. दुसरी अडचण पेट्रोलच्या वाफेची. पेट्रोल लवकर उडून जाणारे आहे. ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याच्या वाफेचा दाब ५० ते ६० किलोपास्कलपर्यंत असू शकतो. नळीतला दाब याच्या खाली गेला की पेट्रोल नळीतच उकळू लागते आणि पडद्याखाली पेट्रोलऐवजी बुडबुडे येतात. फक्त हवेच्या दाबाचा विचार केला तर पेट्रोल सुमारे १४ मीटर चढायला हवे, पण वाफेचा हिस्सा वजा केला की उन्हाळ्यात ही मर्यादा पाच-सहा मीटरवर येते. होडीतली चढण एवढी नसते हे खरे. पण गाळणी तुंबली, नळी दबली आणि इंजिनाच्या टोपणाखाली उष्णता साचली, की हा राखीव साठा झपाट्याने संपतो.

थोडक्यात, पंप म्हणजे दाबातला एक लहानसा फरक. तो फरक जिथे गळतो तिथे दोष. दुरुस्तीची प्रत्येक पायरी याच एका प्रश्नाचे उत्तर शोधत असते.

दोष पंपातच आहे का?

पंप थकल्याची खूण ठरलेली आहे. इंजिन सुरू होते, सावकाश नीट चालते, पण वेग वाढवला की काही वेळाने धापा टाकते आणि बसते. सावकाश चालताना पेट्रोल कमी लागते, ते अर्धमेला पंपही पुरवतो.

हे दुखणे दिसते त्याहून गंभीर आहे. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पन्नासास एक हे प्रमाण असेल तर २० लिटरला ४०० मिलिलिटर. पेट्रोल कमी पोचले म्हणजे तेलही कमी पोचले. शिवाय पातळ मिश्रणामुळे दट्ट्या जास्त तापतो. पूर्ण वेगात असे चालू राहिले तर दट्ट्यावर ओरखडे पडतात, कधी तो जामही होतो. आणि खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असताना इंजिन बसले तर होडी लाटेला आडवी होते. पडद्याची किंमत इंजिनाच्या मानाने किरकोळ असते, पण त्याच्यावर अवलंबून असते ते होडीतल्या माणसांचे परत येणे.

म्हणून पाना हातात घेण्याआधी पुढील क्रमाने तपासावे. टाकीचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? इंजिन धापा टाकू लागताच टाकीच्या नळीतला रबरी फुगा हाताने दाबून पाहावा. दाबताच इंजिन सावरले तर ठिणगीचा दोष नाही, पेट्रोल कमी पडते आहे. इंजिन चालू असताना फुगा चपटा होऊन तसाच राहत असेल तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला आहे. फुगा घट्टच होत नसेल किंवा पारदर्शक नळीत बुडबुडे दिसत असतील तर कुठून तरी हवा शिरते आहे. बहुधा नळीच्या जोडणीतली रबरी कडी झिजलेली असते. शक्य असल्यास दुसऱ्या होडीची चांगली टाकी आणि नळी लावून पाहावी. तरीही दुखणे कायम राहिले, तर पंपाकडे वळावे.

प्लगही बोलतो. अनेक सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची क्रँककेस स्वतंत्र बंद केलेली असते आणि पंप सहसा त्यांतल्या एकीला जोडलेला असतो. पडदा फाटला तर पेट्रोल त्या छिद्रातून थेट त्या क्रँककेसमध्ये जाते आणि त्याच सिलिंडरचा प्लग ओला मिळतो. उलट, त्या क्रँककेसचे सील गेले असेल तर श्वासच दुबळा होतो, आणि मग पंपात नवा पडदा घालूनही उपयोग होत नाही.

पंप उघडताना

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते. म्हणून पंप नेहमी उघड्या जागेत, बॅटरी सोडवून आणि विडी-सिगारेट, दिवा, स्टोव्ह यांपासून दूर काढावा. पेट्रोल तोंडाने ओढू नये. हे काम जाणत्या माणसाने करावे, विद्यार्थ्यांनी पाहावे.

टाकीची नळी सोडवावी, नळीत उरलेले पेट्रोल डब्यात काढावे आणि कोणती नळी कुठे होती याची खूण करावी. पंप इंजिनापासून सुटला की उघडण्यापूर्वी त्याच्या सगळ्या थरांवरून एक तिरकी रेघ ओढावी. जुळवताना रेघ सलग आली की थर बरोबर बसले. ही साधी युक्ती फार वेळ वाचवते, कारण पडदा आणि त्याच्या शेजारचे पॅकिंग यांचा क्रम उलटला तर पंप दिसायला ठीक, पण कामाला शून्य होतो.

आम्ही १९८०च्या दशकातल्या एका इंजिनाचा पंप उघडून पाहिला. पडदा कुठेही फाटलेला नव्हता. पण तो बोटाने वाकवला तर वाळलेल्या पानासारखा कडक लागला आणि उजेडासमोर धरल्यावर घडीच्या जागी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकला. डोळ्यांना चांगला दिसणारा पडदा निकामी असू शकतो, हे तेव्हा स्पष्ट झाले. म्हणून पंप उघडला की जुना पडदा पुन्हा घालू नये. पडदा, पॅकिंग आणि दारे यांचा पूर्ण संचच बदलावा.

नवा संच घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालापर्यंत २० टक्क्यांवर पोचले. जुन्या काळच्या काही रबरांना इथेनॉल मानवत नाही. ती फुगतात, मऊ पडतात किंवा नंतर कडक होऊन तडकतात. इथेनॉल पाणीही शोषते, आणि होडीवर दमट हवेची कमतरता नाही. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच संच मागावा आणि जुन्या नळ्याही त्याच वेळी बदलाव्यात.

पंपाचे धातूचे भाग स्वच्छ करून त्यांची सपाटी तपासावी. काचेच्या तुकड्यावर भाग ठेवून बोटाने दाबला असता डुगडुगला तर तो वाकला आहे. थोडासा वाक असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर भाग हलक्या हाताने गोल फिरवल्यास सपाट होतो. भाग पुन्हा धुवावा, घासल्याचा एक कणही आत राहू देऊ नये. श्वासाच्या छिद्रात काजळी साचलेली असते, तीही मोकळी करावी.

जुळवणी आणि तपासणी

जुळवताना पॅकिंगला शेलॅक किंवा चिकट लेप लावण्याचा मोह टाळावा. स्क्रू आवळताच तो लेप आत सरकतो आणि बारीक छिद्र किंवा दार बंद करतो. पडदा सुरकुती न पडता, न ताणता ठेवावा. स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एक बाजू आधी घट्ट केली तर दुसरीकडे फट राहते. फार जोर लावला तर वाक येतो.

बसवण्यापूर्वी सुई नसलेल्या स्वच्छ सिरिंजला नळी लावून पंप तपासता येतो. टाकीकडच्या तोंडातून हवा आत ढकलली तर ती जायला हवी, ओढली तर अडायला हवी. कार्बोरेटरकडच्या तोंडाशी याच्या उलट. श्वासाच्या छिद्राशी सिरिंजचा दट्ट्या थोडा ओढून धरावा आणि सोडावा. तो आपणहून मागे गेला तर पडदा अभंग आहे. जिथे होता तिथेच थांबला तर कुठून तरी हवा आत आली.

पंप बसवल्यावर इंजिन कोरडे चालवू नये. त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा पाण्याशिवाय थोड्याच वेळात जळतो. पाण्याने भरलेल्या पिंपात खालचा भाग बुडवून इंजिन सुरू करावे आणि प्रत्येक जोड कोरडा आहे ना ते पाहावे. पण पूर्ण भाराची परीक्षा पिंपात होत नाही. ती शांत पाण्यात, किनाऱ्याजवळ, वल्ही बरोबर घेऊन करावी.

वर्गात करून पाहण्यासाठी

पेट्रोल न वापरता हा पंप वर्गात उभा करता येतो. साहित्य: सारख्या आकाराची दोन प्लॅस्टिकची नरसाळी, एक मोठा फुगा, ५० मिलिलिटरची सिरिंज, पातळ नळी, एक टी जॉइंट आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे दोन एकमार्गी व्हॉल्व्ह.

फुगा कापून त्याचा पडदा एका नरसाळ्याच्या तोंडावर ताणून बसवा. दुसरे नरसाळे तोंडाला तोंड लावून ठेवा आणि कड चिकटपट्टीने हवाबंद करा. वरच्या नरसाळ्याच्या नळीला सिरिंज जोडा, तिचा दट्ट्या अर्ध्यावर असू द्या. ही आपली क्रँककेस. खालच्या नरसाळ्याला टी जॉइंट जोडा. त्याच्या एका फाट्यावर आत येऊ देणारा व्हॉल्व्ह आणि जमिनीवरच्या पाण्याच्या मगात जाणारी नळी, दुसऱ्या फाट्यावर बाहेर जाऊ देणारा व्हॉल्व्ह आणि टेबलावरच्या मगात जाणारी नळी. सुरुवातीला खालच्या नरसाळ्यात पाणी भरून घ्या. होडीतला रबरी फुगा हेच काम करतो. आता सिरिंज मागे-पुढे करा. सिरिंजमधल्या हवेचा पाण्याशी कुठेही संबंध येत नाही, तरी पाणी वर चढते.

पंप चालू लागला की त्याला मुद्दाम आजारी पाडा. खालच्या मगातून वर येणाऱ्या नळीला, पाण्याच्या पातळीच्या वर, टाचणीने भोक पाडा आणि पंप चालवा. पाणी बाहेर येते की हवा आत जाते? तेच भोक वर जाणाऱ्या नळीला पाडले तर? एक व्हॉल्व्ह उलटा बसवला तर? खालच्या मगाला घट्ट झाकण लावून त्यातून फक्त नळी आत सोडली तर काही वेळाने काय होते? शेवटी पडद्याला टाचणीने एकच भोक पाडा आणि सिरिंजमध्ये काय येते ते पाहा.

प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग पंप चालवा. किनाऱ्यावरच्या शाळेत एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी आउटबोर्ड इंजिन असेलच. त्याला विचारा, यातला कोणता आजार त्याने होडीवर पाहिला आहे, आणि तो घरच्यांनी कसा ओळखला.